हरणांचं कुरण आणि वगळलेल्या बाबी

जगात अशी एकही गोष्ट नाही जिची किंमत काढता येत नाही. हे तत्त्व मी आठ वर्षं मनापासून पाळलं. सपाट जमीन असेल तर किंमत काढायला दोन दिवस लागतात, डोंगरउतार असेल तर तीन, आणि गाडी वरपर्यंत जात नसेल तर आधी चांगले बूट विकत घ्यावे लागतात.

२०११ साली मी पुण्याहून न्यूझीलंडला आलो. स्थापत्य अभियंता होतो आणि पाणीपुरवठा योजनांची अंदाजपत्रकं करण्यात माझी अकरा वर्षं गेली होती. इथे आल्यावर पहिल्या चार महिन्यांत 'तुमच्याकडे स्थानिक अनुभव नाही' असं अतिशय सभ्य भाषेत सांगणारी पत्रं जमा झाली. शेवटी हॅमिल्टनच्या ते रापा भागात, दुधाच्या कारखान्याच्या वासाच्या टप्प्यात, ग्रॅहम नावाच्या एका कंत्राटदाराने मला भेटायला बोलावलं. त्याची कंपनी जमीन साफ करून द्यायची. मुलाखत त्याच्या यार्डात उभ्यानेच झाली. यार्डाच्या मागच्या कोपऱ्यात गॉर्स नावाचं पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप माजलं होतं. ते दाखवून त्याने विचारलं, हे काढायला किती वेळ लागेल? मी विचारलं, आत जुनी तार आहे का? पुण्यात कालव्यांच्या कामात मी एवढं शिकलो होतो की दिसतं त्याचा खर्च कमी असतो आणि पुरलेल्याचा जास्त. ग्रॅहमने माझ्याकडे नीट पाहिलं आणि कधीपासून येतोस एवढंच विचारलं. स्थानिक अनुभवाचा विषय निघाला नाही.

मी तिथे एस्टिमेटर होतो. आमची निम्मी कामं गोठ्यांच्या शेतकऱ्यांची असत आणि बाकीची हौशी लोकांची. या हौशी लोकांत एक जात होती शिकारीच्या मालमत्ता बाळगणाऱ्यांची. त्यांना 'फूड प्लॉट' हवा असे. दिवाळी अंकाच्या वाचकाला हे समजावून सांगायला हवं, कारण मलाही ते समजायला वर्ष लागलं.

हरीण हा न्यूझीलंडचा मूळचा प्राणी नव्हे. इंग्रजांनी ती बोटीतून आणली, शिकार करता यावी म्हणून. मग ती इतकी वाढली की सरकारला ती मारायला पगारी माणसं नेमावी लागली. आता श्रीमंत लोक खर्च करून ती पुन्हा वाढवतात, म्हणजे पुन्हा मारता येतील. एखाद्या योजनेत इतकं सातत्य मी आपल्याकडच्या कुठल्याही खात्यात पाहिलेलं नाही. अडचण एकच असते. हरीण झाडीत राहतं, आणि पाहुणा शुक्रवारी संध्याकाळी येऊन रविवारी दुपारी जातो. तेवढ्या वेळात हरणाने उघड्यावर यावं, आडवं उभं राहावं, वारा उलट दिशेचा असावा आणि उजेड फोटोपुरता तरी उरलेला असावा, अशी अपेक्षा असते. म्हणून डोंगरातली झाडी काढून एक-दोन हेक्टरचं मैदान करायचं, त्यात क्लोव्हर, चिकरी, प्लँटेन असली हरणाला आवडणारी हिरवळ पेरायची आणि समोरच्या टेकाडावर मचाण बांधून बसायचं. याला फूड प्लॉट म्हणतात. जेवणाचं आमंत्रण देऊन बोलवायचं आणि जेवताना गोळी घालायची, याला आपल्याकडे निराळा शब्द आहे. तिथे तो वन्यजीव व्यवस्थापन या सदरात मोडतो.

ज्यांना असा प्लॉट हवा असतो ते सगळे पहिली चौकशी बियाण्याची करतात. बियाणं हा सगळ्यांत स्वस्त भाग. खरा खर्च बियाणं जमिनीला लागण्याच्या आधी होतो. यंत्र वर न्यायला रस्ता करावा लागतो. झाडी मनगटाएवढ्या खोडाची असेल तर मल्चर ती उभ्याउभ्या भुसा करून टाकतो. मांडीएवढी असेल तर डिगर लागतो आणि बुंधे मुळासकट उपटावे लागतात. उपटलेले बुंधे कुठेतरी न्यावे लागतात. मग पुन्हा फुटणाऱ्या कोंबांवर फवारा, मग आंबट जमिनीला चुना, आणि मग कुठे ते बियाणं. उतार पंचवीस अंशांच्या पुढे गेला की चालक आपल्या बायकोला फोन करतो आणि दर वाढतो.

गिऱ्हाइकं नमुनेदार असत. एकाला प्लॉट लॉजच्या बाथटबमधून दिसायला हवा होता. मला त्या टबात कपड्यांसकट बसून कोन मोजावा लागला. दुसऱ्याने सगळं काम करून घेतलं, क्लोव्हर गुडघ्यापर्यंत आलं, पहिलं हरीण शांतपणे चरायला आलं, आणि ते पाहून त्याचा शिकारीतला रसच संपला. तो आता तिथे योगशिबिरं भरवतो. हरणं अजून येतात म्हणे, पण लोक डोळे मिटून बसलेले असतात.

एस्टिमेटरचं कौशल्य आकडेमोडीत असतं असा समज आहे. आकडे कुणालाही जुळवता येतात. कौशल्य असतं शेवटच्या पानावर. तिथे 'वगळलेल्या बाबी' अशी यादी असते. या अंदाजात काय काय धरलेलं नाही, ते तिथे क्रमांक घालून लिहायचं: खडक लागल्यास फोडण्याचा खर्च, पावसामुळे वाया गेलेले दिवस, जुन्या कुंपणाची गाडलेली तार. काम बिघडलं आणि प्रकरण वकिलांपर्यंत गेलं की सगळे पहिल्या पानांवरून उडी मारून या यादीवर येतात. तोपर्यंत ती कुणी वाचत नाही. ग्रॅहम म्हणायचा की माझ्या याद्या म्हणजे तटबंदी आहेत. मला ते ऐकायला आवडायचं. आमचे अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांत फरक पडत नसे, आणि हॅमिल्टनपासून टाउमारुनुईपर्यंतच्या कंत्राटदारांत हे माहीत होतं. वयाच्या चाळिशीत परमुलखात येऊन माणसाला अभिमान वाटण्यासारख्या गोष्टी फार मिळत नाहीत. मी मिळालेली घट्ट धरून ठेवली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

माझ्या चौथ्या उन्हाळ्यात किंग कंट्री नावाच्या डोंगराळ भागातल्या एका शिकारीच्या मालमत्तेचं काम आलं. मालक स्टुअर्ट, ऑकलंडचा. गॅरेजची दारं विकून त्याने पैसा केला होता आणि आता तो जमिनीबद्दल बोलताना आवाज खाली आणायचा. लॉजच्या प्रवेशापाशी लाकडात कोरलेली पाटी होती: 'आम्ही या भूमीचे मालक नाही, केवळ राखणदार आहोत.' तिच्याखाली दुसरी पाटी होती: 'खाजगी मालमत्ता. आत येणाऱ्यावर कारवाई होईल.' त्याला वरच्या उतारावर तीन प्लॉट हवे होते. उतारावर मानुका आणि कानुका या देशी झाडांची जुनी झाडी होती, काही खोडं माझ्या मांडीपेक्षा जाड. त्याच्या बाजूने तिथे जायला वाटच नव्हती. शेजारणीच्या फाटकातून जावं लागे.

शेजारीण म्हणजे नोलीनबाई. सत्तरीच्या आसपास वय, बत्तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त, नवरा वारलेला, चाळीसेक मेंढ्या आणि लाकडी घर. मी परवानगी मागायला गेलो तर त्यांनी आधी माझे बूट पाहिले, मग आत घेतलं. चीज स्कोन आणि चहा. माझं नाव विनय; त्यांनी पहिल्याच घोटाला त्याचं विनी केलं आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. फाटकाची किल्ली देताना त्यांनी एकच अट घातली, की मी आधी त्यांचं पाणी बघायचं.

घराच्या मागे, उताराच्या पायथ्याशी एक झरा होता. नवऱ्याने त्यावर काँक्रीटची चौकोनी पेटी बांधलेली. तिथून काळ्या पाइपने पाणी घराला आणि मेंढ्यांच्या कुंडांना जायचं. पाणी इतकं थंड होतं की दात दुखले. मग त्यांनी मला वर नेलं, जिथे आमचा तिसरा प्लॉट व्हायचा होता तिथे. झाडीत एक खड्डा होता, बैलगाडी मावेल एवढ्या तोंडाचा, आत अंधार. तो चुनखडीचा प्रदेश आहे, जमीन आतून पोखरलेली. अशा विवराला तिथे टोमो म्हणतात. त्या म्हणाल्या की लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात नवऱ्याने मेंढ्यांवर खुणा करायच्या निळ्या रंगाचा डबा या टोमोत ओतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या नळाला निळं पाणी आलं.

"मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही," नोलीनबाई म्हणाल्या. "पण पाणी कुठून येतं ते कळलं."

मी खूश झालो. अभियांत्रिकीच्या पुस्तकात याला रंगद्रव्य चाचणी म्हणतात, तिला उपकरणं लागतात आणि अहवाल लागतो. या माणसाने ती एका डब्यात उरकली होती. मी त्यांना तसं सांगितलं. अकरा वर्षं लोकांना पाणी पाजायच्या योजना केलेला माणूस आहे हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तुला काही समजावून सांगायला नको. वहीत मी टोमोची जागा, झऱ्याची जागा आणि मध्ये बाणाची रेघ काढली. ती वही अजून माझ्याकडे आहे. बाण बरोबर दिशेला आहे.

आता नियमाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तिथल्या कौन्सिलचा नियम असा होता की देशी झाडी एका वर्षात ठरावीक क्षेत्रापेक्षा जास्त काढायची असेल तर परवाना हवा. परवाना म्हणजे महिने, आणि एखादा अधिकारी येऊन जागा पाहणार, शेजाऱ्यांना विचारणार. स्टुअर्टला प्लॉट शरद ऋतूच्या, म्हणजे तिथल्या मार्चच्या, आत हिरवे हवे होते. ग्रॅहम म्हणाला की काम हातचं जाणार. मी नियम दोनदा वाचला आणि मला दिसलं की 'एका वर्षात' म्हटलंय. मी कौन्सिलला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली की वर्ष म्हणजे कॅलेंडरचं वर्ष, आणि हे हीप्स, म्हणजे ढिगाने, लोक विचारतात.

म्हणून मी काम दोन तुकड्यांत मांडलं. खालचे दोन प्लॉट डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, वरचा जानेवारीत. प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आत. मध्ये नाताळची सुट्टी, जेव्हा हा देश तसाही बंद असतो. यंत्रं डोंगरावर उभी राहतील आणि नवं वर्ष लागलं की कायदेशीर होतील. एकही नियम मोडला नव्हता. ग्रॅहमने माझी पाठ थोपटली, "स्वीट ॲज, विन," म्हणाला, म्हणजे झकास, आणि अंदाजपत्रक स्टुअर्टला पाठवलं.

त्या अंदाजपत्रकात उपटलेल्या बुंध्यांपुढे मी 'विल्हेवाट: जागेवरच' असं लिहिलं होतं. जागेवर म्हणजे कुठे, हे या धंद्यातल्या कुणाला सांगावं लागत नाही. टोमो असला की ट्रक लागत नाही. तिकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यात मेलेली जनावरं, मोडके ट्रॅक्टर, काय वाटेल ते ढकलत आले आहेत. पण मला निळ्या रंगाची गोष्ट माहीत होती आणि ती गिळून टाकणं जड जात होतं. तेव्हा मी प्रामाणिकपणा केला. शेवटच्या पानावर, वगळलेल्या बाबींत, दहाव्या क्रमांकावर जुन्या कुंपणाची तार होती, तिच्याखाली अकरावी बाब लिहिली: 'शेजारील पाण्याच्या स्रोतावर होणारा परिणाम.' लिहिल्यावर मला हलकं वाटलं. आपण सांगितलं आहे, असं वाटलं. स्टुअर्टने सही केली. नोलीनबाईंना अंदाजपत्रकाची प्रत जाण्याचा प्रश्न नव्हता. त्या गिऱ्हाईक नव्हत्या.

खालचे दोन प्लॉट पाच दिवसांत झाले. मग सगळे समुद्रावर गेले. आम्हीही, मी, बायको मंजिरी आणि मुलगी, रॅग्लनला एका छोट्या भाड्याच्या घरात. नाताळनंतर दोन-तीन दिवसांनी नोलीनबाईंचा फोन आला. सुट्टीत त्रास देतेय, म्हणून आधी माफी मागितली.

"पाणी चहाच्या रंगाचं येतंय, विनी. बिनदुधाच्या."

मी म्हणालो की साल आणि भुसा भिजला की तसं होतं, आठवड्याभरात निवळेल. हे खरंही होतं.

"असेल," त्या म्हणाल्या. "खालचं काढलंत ते काढलंत. पण वरचं ठेवा. सगळं नको, टोमोच्या भोवतीचं तेवढं. मी कुणाच्या हरणांच्या आड येत नाही. या पाण्यावर मी आणि चाळीस मेंढ्या आहोत, दुसरं काही नाही आमच्याकडे."

मी म्हणालो, "बघतो."

पुण्याच्या सरकारी कचेऱ्यांत मी हा शब्द टेबलाच्या अलीकडच्या बाजूने इतकी वर्षं ऐकला होता, की त्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या मात्र बस चालवणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या जगात बघतो म्हणणारा माणूस आरशात बघायचा. त्यांनी माझे आभार मानले.

मी बघितलं, हेही खोटं नाही. घराच्या ओट्यावर बसून पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. टोमोभोवती झाडी ठेवायची तर प्लॉट लहान होणार आणि बुंधे टाकायला जागा उरत नाही; ते ट्रकने खाली आणावे लागणार, त्यासाठी रस्ता रुंद करावा लागणार. म्हणजे वाढीव खर्च, म्हणजे स्टुअर्टची नवी सही. तो बोटीवर होता. यंत्रं पुढच्या कामाला बांधलेली. ग्रॅहमला फोन केला तर मागे मुलांचा दंगा चालू होता. तो म्हणाला, किंमत तू काढली आहेस, तू म्हणशील तसं करू, स्टुअर्टला मात्र तूच सांग. ग्रॅहम वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम लिहून ठेवतो. त्याने निर्णय माझ्यावर सोडला होता.

मंजिरीने कागद पाहिला. "अंदाज तुझाच आहे ना? मग बदल," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की ते इतकं सोपं नसतं. ते तेवढंच सोपं होतं. स्टुअर्टला फोन करून म्हणायचं होतं की माझा अंदाज चुकला. वाढीव रक्कम त्याच्या दृष्टीने काहीच नव्हती. मचाणावरच्या खुर्च्यांना त्याने जास्त पैसे घातले होते. पण माझे अंदाज चुकत नसत. त्याच एका गोष्टीवर मी त्या देशात उभा होतो, आणि ती मला एका झऱ्यापेक्षा मोठी वाटली. तेव्हा असं स्पष्ट वाटलं नव्हतं. तेव्हा वाटलं की सुट्टी आहे, नंतर बघू.

सात जानेवारीला काम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी मी साइटवर होतो. बुंध्यांचा ढीग टोमोच्या काठाशी आला होता. डिगरच्या चालकाने इंजिन मंद केलं, दार उघडलं आणि बोटाने खड्डा दाखवला.

"हे इथेच ना?"

आठ वर्षांत मला विचारल्या गेलेल्या प्रश्नांतला हा सर्वांत सोपा. यंत्र थांबलं होतं. माणूस उत्तराची वाट पाहत होता. नाही म्हटलं असतं तर त्याने खांदे उडवून ढीग बाजूला केला असता आणि डबा खायला बसला असता.

"हो," मी म्हणालो. "अंदाजात तसंच आहे."

बुंधे आत जाताना फार आवाज झाला नाही. खड्डा खोल होता.

फेब्रुवारीत पाण्याला वास यायला लागला. मार्चच्या शेवटी ते थांबलं. नोलीनबाईंनी कौन्सिलला कळवलं. अधिकारी आला, दोन्ही वर्षांची क्षेत्रं मोजली, दोन्ही मर्यादेच्या आत निघाली, नियमभंग नाही असं लिहून गेला. जमिनीखालचं पाणी त्याच्या विभागात येत नव्हतं. स्टुअर्टला मनापासून वाईट वाटलं. त्याने एक टँकर पाणी पाठवलं आणि सोबत फुलं. ग्रॅहमने मला त्याच्या खोलीत बोलावलं, दार लावलं, वकिलाशी बोलणं झाल्याचं सांगितलं. आपल्यावर काही येत नाही, विन, म्हणाला, तुझ्या अकराव्या बाबीमुळे. मग त्याने फ्रिजमधून दोन बिअर काढल्या. मी ती प्यालो.

बुंधे बाहेर काढायचा अंदाज मी स्वतःहून केला. सगळी झाडी काढायला जेवढा खर्च आला होता त्याच्या दुपटीहून जास्त येत होता, आणि पाणी परत येईल याची खात्री कुणी देत नव्हतं. तो कागद मी ग्रॅहमला दाखवला. त्याने वाचला, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिला. मीही तो पुढे कुणाला दाखवला नाही.

छपरावरून येणारं पावसाचं पाणी घरापुरतं पुरलं असतं. मेंढ्यांना पुरणार नव्हतं. मे महिन्यात त्यांनी मेंढ्या विकल्या. त्यानंतरच्या वर्षी जागा विकली. घेणारा स्टुअर्टच होता. त्याने काही कट केला नव्हता, त्याला फक्त ते फाटक सोयीचं होतं. घर पाडण्याचा अंदाज आमच्याकडे मागितला गेला. मी म्हणालो की माझ्याकडे वेळ नाही, आणि दुसऱ्या कुणीतरी तो केला. आठ वर्षांत मी दाखवलेलं एवढंच धैर्य.

२०१९ मध्ये मी ती नोकरी सोडली. मुलीचं शिक्षण, मंजिरीची बदली, अशी कारणं होती आणि ती खरी होती. आम्ही ऑकलंडला आलो, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात घर घेतलं. नवी वसाहत, गॅरेजला उत्तम दारं. इथली जमीन कुणी साफ केली आणि शेवटच्या पानावर काय लिहिलं, हे मी विचारलेलं नाही. ग्रॅहमकडून कळलं की नोलीनबाई पापाकुराला असतात, मोटरवेने माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. वीस मिनिटांचं अंतर कापायला मला पाच महिने लागले.

रेल्वेलाइनपासून दोन गल्ल्या आत, एका रांगेतल्या चार घरांपैकी तिसरं. मी दिवाळीचा डबा घेऊन गेलो होतो. त्यांनी चकली हातात फिरवून पाहिली, ही खायची असते ना, असं विचारून खाल्ली आणि दुसरी घेतली. चहा केला. मेंढ्यांबद्दल, गुडघ्यांबद्दल, गाड्यांच्या आवाजाबद्दल बोलल्या. माझ्याबद्दल त्यांच्या मनात काही दिसेना, आणि त्याचं कारण मला ठाऊक होतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे मी प्रयत्न केला होता आणि वरच्यांनी ऐकलं नव्हतं. मी बघतो म्हणालो होतो ना.

म्हणून मी सांगितलं. दोन तुकड्यांची युक्ती माझी. जागेवर विल्हेवाट माझी. काठावर हो म्हणालो तो मी. आणि अकरावी बाब.

त्यांनी कप बशीत ठेवला.

"म्हणजे तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तू लिहूनही ठेवलंस."

"हो. अकराव्या क्रमांकावर."

"दहाव्यावर काय होतं?"

मला आठवायला वेळ लागला नाही. "जुन्या कुंपणाची तार."

"तारेच्या खालोखाल, मग," नोलीनबाई म्हणाल्या.

बाहेर गाडी गेली आणि खिडकीची तावदानं थरथरली. माफी मागावी म्हणून मी गेलो होतो, शब्दही ठरवून नेले होते, पण तयार केलेली प्रत्येक ओळ मला शेवटच्या पानावरच्या यादीसारखी वाटायला लागली. मी एवढंच म्हणालो की मी ते थांबवू शकत होतो. त्या म्हणाल्या की हो, ते आता दिसतंय. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, आणि ते त्यांनी मला वाटू दिलं नाही. माझा डबा धुऊन, पुसून माझ्या हातात दिला. पुन्हा ये असं म्हणाल्या नाहीत. मी गेलेलोही नाही.

दारापाशी मात्र त्यांना काहीतरी आठवलं. "त्याला हरणं मिळाली का?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. काम संपलं की आमचा संबंध संपत असे.

"नाही मिळायची," त्या म्हणाल्या. "माजावर आलेला नर गवताकडे बघत नाही. त्याला लोळायला चिखल लागतो. माझी पेटी भरून वाहायची ना, तिच्याखाली, कुंपणापलीकडे, त्याच्याच जमिनीत चिखल व्हायचा. दर मार्च-एप्रिलला चार-चार नर यायचे. आम्ही स्वयंपाकघरातून बघायचो. मला कुणी विचारलंच नाही."

घरी आल्यावर मी त्या मालमत्तेवर काम करणाऱ्या शिकारी गाइडला फोन करून खात्री करून घेतली. झरा थांबला त्याच्या पुढच्या हंगामापासून मोठे नर डोंगर ओलांडून पलीकडच्या सरकारी जंगलात जातात, जिथे ओढा आहे आणि जिथे कुणीही फुकट शिकार करू शकतो. स्टुअर्टच्या तिन्ही प्लॉटांवर आजवर एकही नर मारला गेलेला नाही.

क्लोव्हर मात्र उत्तम आलं होतं. ते सशांनी खाल्लं.